कॉम्प्युटरला नारळपाणी

यवतच्या आमच्या गॅरेजात कॉम्प्युटरवाल्या गाड्या नुकत्याच यायला लागल्या होत्या. पुण्यात महिन्याचा कोर्स करून मी स्वतःला इंजिनांचा डॉक्टर समजत होतो. गॅरेजचे मालक चाचा अजूनही स्क्रूड्रायव्हरची मूठ कानाला लावून इंजिन ऐकायचे. मला हसू यायचं.

वडगाव रासाईचे एक निवृत्त मास्तर, आमचे आप्पा, त्यांच्या व्हॅनमधून बायकोला, म्हणजे काकूंना, आठवड्यातून दोनदा पुण्याला डायलिसिसला न्यायचे. व्हॅन पेट्रोलवर आणि गॅसवर, दोन्हींवर चालायची. दिवाळीनंतर ती वाटेत बंद पडू लागली. डॅशबोर्डवर इंजिनाचा पिवळा दिवा लागायचा. मी ऐटीत स्कॅनर जोडला, त्यानं सांगितलेला सेन्सर बदलला. दिवा परत लागला. दुसरा बदलला. परत लागला. शेवटी मी दिव्याचा बल्बच काढून टाकला आणि म्हणालो, "आप्पा, झाली बघा टकाटक!"

पुढच्याच फेरीला गाडी हायवेवर बंद पडली. तासभर उन्हात बसलेल्या काकूंना आप्पांनी टेम्पोतून गॅरेजवर आणलं, व्हॅन मागून ओढत. काकूंचे ओठ पांढरे पडले होते. मला माझीच लाज वाटली.

चाचांनी इंजिन आधी पेट्रोलवर चालवलं, मग गॅसवर. दोन्ही वेळा ते मेलं.

"दोन्हीवर मरतंय, म्हंजी पोटाचा आजार न्हाई. डोक्याचा हाय."

मग ते एकेक वायर हलवत गेले. कॉम्प्युटरच्या प्लगला हात लागला आणि इंजिन बंद. प्लग उपसला तर आत पिना हिरव्या पडलेल्या, चिकट, वर कुंकू.

"हितं पूजा कुनी केली?"

मीच. गाडी दसऱ्याला सर्व्हिसिंगला आली होती. नारळ फोडून उरलेलं पाणी मी मोठ्या भक्तिभावानं त्या नव्या देवावर शिंपडलं होतं.

चाचा पिना घासत राहिले. मी गप्प बसलो असतो तरी चाललं असतं, पण बाकावर काकू होत्या. मी आप्पांना सगळं सांगितलं, बल्बाचंसुद्धा.

आप्पांनी काकूंना उठवून व्हॅनमध्ये बसवलं. मग किल्ली माझ्या हातात दिली.

"चल. आता दर खेपेला तूच न्यायचं. बंद पडली तर तूबी आमच्यासंगं उन्हात बस."

गाडी त्यानंतर एकदाही बंद पडली नाही. पण हडपसर येईपर्यंत मी आरशात काकूंकडे बघायचो नाही. त्या मात्र दर वेळी विचारायच्या, "पोरा, पोचू ना रं?"