बिल वाचणारे मामा

वीजबिल पहिल्या ओळीपासून शेवटच्या ओळीपर्यंत वाचणारा माणूस या भूतलावर एकच झाला, आणि तो नेमका माझ्या बायकोचा मामा निघाला. निपाणीत मीटर बघायला येणारा माणूस यंत्रातून वीतभर चिठ्ठी काढून हातात देतो. तिच्यावर कानडी आणि इंग्रजी अक्षरं अशी दाटीवाटीनं बसवलेली असतात, की ग्राहकाला चुकूनही काही कळू नये. एवढ्या कष्टानं लपवलेलं मामा दर महिन्याला भिंग लावून उघडकीला आणत. हयात कानडी शाळेत मास्तरकी करण्यात गेलेली, त्यामुळे भाषेची अडचण त्यांना नव्हती. अडचण आमची होती. जेवायला बोलवावं, तर आमटी निवेपर्यंत ते स्थिर आकार समजावत. "जावईबापू, घराला कुलूप लावून गावाला गेलासा तरी ह्यो पडतोयच."

एकदा त्यांनी कॅलेंडरच्या पाठीवर मराठी-कानडीत सोप्या बिलाचा नमुना काढला. वर मोठा चौकोन, त्यात 'तुम्ही भरायचे एवढेच'. कचेरीतल्या साहेबांनी तो आदरानं फायलीत ठेवला. अजून तिथंच सुखरूप असेल. चिठ्ठीवरची छपाई काही महिन्यांत उडते, म्हणून मामांनी पुराव्यादाखल वर्षभराची बिलं लॅमिनेशनला दिली. यंत्राच्या उष्णतेनं ती सगळी काळीठिक्कर होऊन बाहेर आली. मामांनी ती उलटसुलट पाहिली आणि शांतपणे म्हणाले, "आदीबी एवढंच कळत हुतं म्हणा."

आम्ही हसायचो. मग एका एप्रिलात मामा शेजारच्या ताराक्कांकडे कैऱ्या द्यायला गेले. एकट्या राहणाऱ्या आक्का भर दुपारी फॅन बंद करून, डोक्यावर ओलं फडकं घेऊन भिंतीला टेकल्या होत्या. घाबरलेल्या. ठरावीक युनिटांपर्यंतचं बिल सरकारनं माफ केलेलं, आक्कांचा वापर त्याच्या कितीतरी आत. पण बिलाच्या मधोमध छापलेली मोठी रक्कम आपल्याला भरायची आहे असं त्या धरून बसल्या होत्या. तळाशी बारीक अक्षरात शून्य होतं, ते त्यांना दिसलंच नव्हतं.

"मीटर काढून न्हेतील म्हणून दोन महिनं फॅन लावला न्हाय, अण्णा. इचारायची लाज वाटली."

त्या दिवशी मामांनी बिल समजावलं नाही. आधी फॅन लावला. मग चिठ्ठीवर निळ्या पेनानं ठळक लिहिलं, 'आक्का, काय भरायचं न्हाय. फॅन लावा.'

मामांना जाऊन आता दोन वर्षं झाली. परवा आक्कांकडे गेलो, तर ती चिठ्ठी देव्हाऱ्याशेजारी चिकटवलेली. छपाई पार उडून गेलेली, मामांचं अक्षर तेवढं उरलेलं. मामांची फार आठवण आली. त्यांना हसलो त्याची लाजही वाटली. आक्कांनी फॅनखाली पाट मांडला, या महिन्याचं बिल माझ्या हातात दिलं आणि समोर बसल्या.

मी चष्मा पुसला आणि पहिल्या ओळीपासून वाचायला लागलो.