खिळ्यावरची ओली टोपी

आधीच सांगते, मी अमावास्येला बिनधास्त नखं कापणारी बाई आहे. मांजर आडवं गेलं तर मला मांजराचीच काळजी वाटते. त्यामुळे इथले चकव्याचे नि हडळीचे किस्से वाचून मी आजवर हसतच आले. आज स्वतःच लिहायला बसलेय... तर हसा खुशाल.

२००१ साल. मी कृषी पदवीच्या शेवटच्या वर्षाला होते. एक सत्र गावात राहून शेतकऱ्याच्या हाताखाली काम करावं लागायचं — ग्रामीण कार्यानुभव. मला आंबेगाव तालुक्यातलं महाळुंगे पडवळ मिळालं आणि शेतकरी मिळाले बबनकाका. बाकीच्या मुली बांधावर उभं राहून फोटो काढायच्या आणि एकमेकींचे रिपोर्ट उतरवायच्या. मला ते जमेना. आलोच आहोत तर सगळं स्वतःच्या हाताने करायचं! खुरपणी केली, फवारणीचा पंप पाठीवर घेतला, तळहाताला फोड आले. काका म्हणायचे, "लई हौस हाय राव ह्या पोरीला!"

मोटर मात्र ते चालू करू देईनात. मी फारच मागे लागले तेव्हा त्यांनी विहिरीवरचा नियम समजावला. मोटर विहिरीत, स्टार्टर वर पत्र्याच्या खोलीत, आणि खोलीतून विहिरीतलं काही दिसत नाही. म्हणून विहिरीत उतरणाऱ्याने आपली टोपी स्टार्टरच्या वरच्या खिळ्याला अडकवायची. ती काढायची त्यानेच, वर आल्यावर. तोवर मोटर बंद.

"खिळ्याला टोपी असताना बटनाला हात लावशील तर याद राख," काकांनी दम भरला.

ऑक्टोबरची दुपार. सकाळपासून लाईट नव्हती. मी टोमॅटोच्या ओळीत वाकले होते आणि उन्हाने डोकं नुसतं भणभणत होतं.

"आगं, चक्कर यील तुला," म्हणत काकांनी स्वतःची टोपी माझ्या डोक्यावर ठेवली नि चालू लागले. कुठे निघाले ते मी विचारलं नाही.

थोड्या वेळाने खोलीतला बल्ब लागलेला दिसला. लाईट आली! मी धावत सुटले. खिळा पाहिला — मोकळा. हिरव्या बटणावर अंगठा टेकवला... आणि हातावर गार पाण्याचा थेंब पडला. मग दुसरा.

वर पाहिलं. खिळ्याला टोपी लटकत होती. ओलीचिंब, निथळणारी.

भीती नाही, आधी रागच आला मला. "काका, ही काय चेष्टा!" म्हणत मागे वळले. मागे कुणीच नव्हतं. तशीच बाहेर पडून विहिरीच्या काठावर गेले आणि आत डोकावले. खाली काका कमरेइतक्या पाण्यात उभे होते. एका हाताने लोखंडी पाइप धरलेला, दुसऱ्याने त्याच्या तोंडाच्या जाळीतला गाळ काढत होते.

"काका, वर या! आधी वर या!"

ओरडता ओरडता डोक्याला हात लावला. काकांची टोपी डोक्यावरच होती, कोरडी खडखडीत.

ते वर आले. आम्ही दोघं खोलीत गेलो तर खिळा रिकामा. स्टार्टरच्या डब्यावरून पाण्याचा ओघळ मात्र खाली आलेला. मी जे पाहिलं ते सांगितलं. वाटलं, हसतील. काकांनी त्या ओघळावरून बोट फिरवलं आणि उंबऱ्यावर मटकन बसले.

"माजा थोरला भाऊ ह्याच हिरीत गेला," ते म्हणाले. "टोपी घालूनच उतरला व्हता. तवा ह्यो नियम कुठं व्हता? पाइपात करंट उतरला."

"पण मोटर कुणी चालू केली?" मी विचारलं. कशाला विचारलं, असं लगेच झालं.

"लाईट आली. म्या पळत आलो... तुज्यावानीच."

माझा नवरा इलेक्ट्रिकल इंजिनिअर आहे. तो म्हणतो, ऊन लागलं होतं तुला, थेंब घामाचे, टोपीचा भास. असेलही. मग ओघळ काकांनाही का दिसला, म्हटलं की विषय बदलतो. मी भांडत नाही. पण त्या दुपारी मला एकदम रडू फुटलं. काकांचा जीव माझ्या अंगठ्याखाली होता हो! तेव्हा मला समजवायचं सोडून काका त्या खिळ्याकडे बघत राहिले.

"तू कशापायी रडती?" ते म्हणाले. "तुला त्यानं थांबवलं. मला तवा कुनी थांबवलं न्हाई गं, पोरी."