सीटवरचं संत्रं

फिरतीच्या नोकरीत मी गावोगावच्या बसमध्ये सीट धरायला रुमाल टाकलेला पाहिला आहे. आमच्या सौंसरच्या स्टँडवर मात्र त्या दिवशी नागपूरच्या बसमधल्या खिडकीच्या सीटवर कोणीतरी संत्रं ठेवलं होतं. बस खच्चून भरली, तरी त्याला कोणी हात लावला नाही. बोरगाव मागे पडलं, मालकाचा पत्ता नाही. शेवटी वैतागून मी ते उचलायला गेलो, तर शेजारच्या आजी म्हणाल्या, "काऊन उचलून राहिला बापा? कोणाची तरी जागा हाय थे." कंडक्टरनंही मान डोलावली. नागपूरपर्यंत संत्रं बसून गेलं आणि मी उभा.

पुढच्या महिन्यात इंदूरच्या स्टँडवर मीही खिडकीतून हात घालून सीटवर घरचं संत्रं ठेवलं आणि निवांत मागून चढलो. पाहतो तर त्या सीटवर एक गृहस्थ बसून ते सोलत होते. मी समोर खांबासारखा उभा राहिलो, तशा त्यांनी प्रेमानं दोन फोडी पुढे केल्या. म्हणाले, "लीजिए भैया, बेचारा कोई भूल गया."

उभ्यानं खाल्ल्या, पण गोड होत्या.