कळा मयुरीच्या, सही माझी

जळगावच्या पिंप्राळ्यात कुणालाही विचारा, सविता सिस्टर कुठे राहतात? घर दाखवायच्या आधी सांगतील, 'फार तापट आहेत हो.' मी तिला ती दुपट्यात होती तेव्हापासून ओळखतो. तापट हा शब्द कमी पडतो.

तिचा बाप आधार आणि मी जामनेरजवळच्या आमच्या गावातल्या शाळेत चौथीपर्यंत एका वर्गात. मी भिंतीकडच्या रांगेत, तो दाराकडच्या. असं का, ते तेव्हा कुणी विचारलं नाही. पुढे मी वडिलांच्या शेतात मालकाचा मुलगा म्हणून गेलो आणि आधार त्याच शेतात मजूर म्हणून आला. त्याची बायको द्रौपदाबाई. त्यांची ही धाकटी मुलगी सविता.

ती धुळ्याला नर्सिंग शिकत होती, तेव्हाची गोष्ट मी पन्नास लग्नांत तरी सांगितली असेल. बाळंतपणाच्या खोलीत एक मुलगी कळांनी ओरडत होती. तिथल्या वडीलधाऱ्या नर्सबाईंनी तिच्या मांडीवर चापट मारली आणि म्हणाल्या, 'नवऱ्याजवळ जाताना नाही ओरडलीस ती?' सविता दुसऱ्या वर्षाची विद्यार्थिनी. तिनं खिशातलं पेन काढलं. 'मॅडम, परत सांगा. केसपेपरवर लिहिते. इंजेक्शन किती, सलाईन किती, चापट किती.' महिनाभर तिला बेडपॅन धुवायला लावले. तिनं धुतले. पण तिच्यासमोर त्या बाईंचा हात पुन्हा कुणावर उठला नाही.

लग्नाच्या पंगतीत ही गोष्ट सांगताना मी असा फुलून यायचो, जणू पेन मीच काढलं होतं. आता जे सांगतो ते मात्र मान खाली घालून सांगतो.

दिवाळीनंतर कापसाची वेचणी चालू होती. माझी नात मयुरी पहिल्या बाळंतपणासाठी माहेरी आली होती. सविता जळगावच्या ज्या खाजगी दवाखान्यात आहे, तिथेच तिचं नाव नोंदवलं होतं. दवाखान्याचं नाव मी इथे लिहीत नाही. नवव्या महिन्यात सवितानं तिला समोर बसवून सगळं समजावलं होतं. कळा कशा येतात, चालायचं कसं, कुशीवर कसं झोपायचं, दुखणं कमी करायला काय काय आहे. गरम पाण्याची पिशवी आहे, कंबर चोळणं आहे, आणि नकोसं झालं तर पाठीत बारीक नळी घालून औषध देता येतं. त्यानं पाय जड होतात, बीपी सारखं बघावं लागतं, पण बाई शुद्धीत राहते. मयुरीनं तेव्हाच सांगितलं, 'आत्या, मला लागली तर मी मागणार.'

तिनं मागितली, सकाळी साडेदहाला. आणि तिथून आम्ही मोठी माणसं सुरू झालो.

सविता आत दुसऱ्या बाळंतिणीपाशी अडकली होती. बाहेरच्या टेबलावरचा माणूस म्हणाला, 'नवऱ्याची सही लागते, नाहीतर सासरच्यांची.' नवरा योगराज सुरतेहून निघाला होता, अजून धुळ्याच्याही पलीकडे होता. त्याला फोन लावला तर म्हणे, 'आई सांगेल तसं करा.' आई म्हणजे आमच्या विहीणबाई, पारोळ्याच्या शेवंताबाई. त्या सकाळीच आल्या होत्या आणि बाकावर पिशवी मांडीवर घेऊन बसल्या होत्या.

'आम्हना घरमा कोणीच असी सुई लिधी नही,' त्या अहिराणीत म्हणाल्या. 'माले चार लेकरं व्हयनात, बठ्ठा घरमाच. त्या सुईनी जल्मभर कंबर दुखस.'

मयुरीची आई मोहिनी, माझी सून, हळूच म्हणाली, 'पण ती मागतेय ना.'

'कळा येवाले लागन्यात का बाई काहीबी मांगस,' शेवंताबाई म्हणाल्या आणि माझ्याकडे वळल्या. 'नाना, तुम्ही सर्वास्मा मोठा. तुम्हीज सांगा.'

आता मला कुणी 'तुम्हीच सांगा' म्हटलं की मी थांबतो होय? बाकावर आणखी दोन-तीन नातेवाईक होते, तेही सरसावून बसले. मी माझा ठेवणीतला किस्सा काढला. म्हटलं, 'आमच्या गावात आमच्या आधारची बायको, द्रौपदाबाई. बाळंत झाली तेव्हा आम्ही बाप्ये बाहेर ओट्यावर बसलेलो. दोन रात्री कळा. पण तोंडातून हुं की चूं नाही. आणि चौथ्या दिवशी बाई आमच्याच शेतात कापूस वेचायला हजर. याला म्हणतात बाई.'

लोक वा वा म्हणाले. शेवंताबाईंनी मान डोलावली. आतून मयुरीचा आवाज येत होता आणि मी तो ऐकत असतानाच हा किस्सा सांगत होतो. हे मी लिहून ठेवतो, कारण कुणीतरी ते लिहायला पाहिजे.

टेबलावरच्या माणसानं कागद पुढे केला. 'नातेवाईकांचा नकार' असं वर छापलेलं. शेवंताबाई म्हणाल्या, 'नानाच करतीन सही.' मी केली. चौथी पासची माझी वळणदार सही, खाली दोन टिंबं देऊन.

पावणेबाराला सविता बाहेर आली. हातमोजे काढत काढतच तिनं कागद वाचला. दोनदा वाचला.

'तोताराम नाना,' ती म्हणाली. एरवी ती नुसतं नाना म्हणते. 'कळा तुम्हाला येतायत का?'

मी हसलो. वाटलं, थट्टा करतेय.

'हसू नका. मी आत विचारून आले. ती म्हणते, तासाभरापूर्वी मागितली, कुणी आलं नाही. तिला वाटतंय डॉक्टर नाहीत म्हणून. तुम्ही नकार दिलाय हे तिला कुणी सांगितलंसुद्धा नाही.'

'अगं, नाना तुझ्या आईचंच उदाहरण देत होते,' मोहिनीनं सांगितलं. तिला वाटलं, यानं राग निवेल.

सविता माझ्यासमोर उभी राहिली. आवाज चढवला नाही. तिचा आवाज चढला असता तर मला बरं वाटलं असतं.

'काय सांगितलं? आईच्या तोंडातून आवाज नाही आला? येणार कसा. तुम्ही ओट्यावर बसला होता म्हणून आजीनं तिच्या तोंडात लुगड्याचा बोळा घातला होता. बाप्ये ऐकतील म्हणून. तिची एक दाढ त्यात हलली ती पडेपर्यंत हलतच राहिली. आणि चौथ्या दिवशी कापूस. का आली ती कापसाला, माहीत आहे? तुमच्या वडिलांनी बाबांना सांगितलं होतं, जोडीनं येणार असाल तर या, नाहीतर मला दुसरी जोडी मिळते. तेव्हापासून तिचं अंग बाहेर येतंय. पंचेचाळीस वर्षं ती कपड्याची घडी लावून बसते, नाना. खाली बसून भाकरी करता येत नाही तिला. आणि तुम्ही हे लग्नात सांगता.'

बाकावर सरसावून बसलेले नातेवाईक मागे सरकले.

पंचेचाळीस वर्षं मी द्रौपदाबाईला रस्त्यात भेटतोय. 'काय वहिनी, बरं आहे?' विचारतोय. ती 'हो' म्हणते. मी पुढे जातो. आत काय झालं हे मी तिला एकदाही विचारलं नव्हतं, आणि गोष्ट मात्र माझी.

शेवंताबाई म्हणाल्या, 'पन सही लागस ना, सिस्टर. माना पोर्‍यानी बाईल शे ती.'

'चोवीस वर्षांची आहे ती. शुद्धीत आहे. तिच्या पाठीत सुई जाणार, तिचीच सही लागते. बाकी कुणाची नाही. मॅडमना विचारा.'

मोठ्या डॉक्टर मॅडम आवाज ऐकून आल्याच होत्या. त्या म्हणाल्या, 'तिची सही पुरते. मला कुणी विचारलंच नाही.' टेबलावरचा माणूस म्हणाला, 'मॅडम, आपली पद्धत आहे.' मॅडमनी त्याच्याकडे असं पाहिलं की तो ड्रॉवर उघडून काहीतरी शोधायला लागला.

भूल देणारे डॉक्टर वरच्या मजल्यावरचं काम संपवून भुसावळला निघाले होते. सविता जिन्यावरून धावली. बारा वाजायला दोन-तीन मिनिटं असतील. स्कूटरला किल्ली लावलेल्या माणसाला ती दंडाला धरून परत घेऊन आली.

मयुरीनं सही केली. मोहिनी सांगते, कळ आली तेव्हा पेन थांबलं, कळ गेली तेव्हा नाव पुरं केलं. तपासून, समजावून सुई दिली. सवितानं मोहिनीला गाऊन घालून आत घेतलं आणि सांगितलं, 'आता बाळ येईपर्यंत हिच्याजवळून हलायचं नाही. पाणी पाज, पाठ चोळ, आणि नात्यातली कुठलीही गोष्ट सांगू नकोस.' वीसेक मिनिटांनी आतून हसण्याचा आवाज आला. शेवंताबाई उठून दारापाशी गेल्या, कान लावला आणि परत येऊन बसल्या. पुष्कळ वेळानं त्या स्वतःशीच म्हणाल्या, 'माना टाईमले व्हती का ही सुई?' त्या दिवशी उत्तरं द्यायचा माझा अधिकार संपला होता.

चारच्या सुमारास मुलगी झाली. दोघी सुखरूप.

संध्याकाळी मी पेढे घेऊन आत गेलो. मयुरीनं बाळाला छातीशी धरलं होतं. पणतीला बघून माझ्या पोटात आनंद मावेना, खोटं का सांगू. मी बाळाच्या नाकाबद्दल काहीतरी बोलायला तोंड उघडलं.

'साडेदहा ते बारा,' मयुरी म्हणाली. 'नाना, मी आत एकेक कळ मोजत होते. तुम्ही बाहेर गोष्ट सांगत होता.'

'चुकलं पोरी.'

'तुमचं चुकलं, ते झालं. तो कागद तसाच आहे टेबलावर. उद्या दुसरी कुणी येईल.'

पेढ्याचा बॉक्स मी खिडकीत ठेवला. बाहेर सविता रजिस्टर घेऊन बसली होती. म्हणाली, 'ऐकलं ना? मी चार वर्षं सांगतेय, तो कागद काढा. नोकरीतल्या बाईचं कोण ऐकतं? तुम्ही त्याच कागदावर सही केलेला माणूस आहात. तुम्हाला बोलता येतं. बोला आता.'

दुसऱ्या दिवशी मी दवाखान्याच्या मॅनेजरला माझ्या हातानं अर्ज लिहून दिला. मी काय केलं, किती वाजता केलं, नातीला न विचारता केलं, सगळं लिहिलं. शेवंताबाईंनी, कुणी न सांगता, खाली अंगठा दिला. मॅनेजर तरुण आहे, गोड बोलतो. 'आजोबा, बघू' म्हणाला. त्याला अडीच महिने झाले. दर मंगळवारी मी जामनेरहून बसनं जातो. तो चहा मागवतो. मी सांगतो, चहा नको, कागद दाखव. कागद तोच. वर 'नातेवाईकांचा नकार'. बाकावर बसलेल्या माणसांना मी तोच कागद दाखवतो आणि माझी खरी गोष्ट सांगतो. काही जण ऐकतात, काही मोबाईल काढतात. एका सासऱ्यानं मला विचारलं, 'तुम्हाला काय करायचंय?' माझा तोल गेला, मी काय बोललो ते इथे लिहिण्यासारखं नाही.

परवा सविताचा फोन आला. 'काय झालं?'

'पुढच्या मंगळवारी या म्हणाला.'

'मग जा. आणि डबा घेऊन जा नाना, यावेळी मॅनेजरसमोर मॅडमना पण बोलावलंय मी. लवकर सुटका नाही.'