मैनाबाईनं घरात शटडाऊन घेतलं

मैनाबाईच्या हर्षाले पोरगी झाली तेव्हा आजीबाईचे पाय जमिनीवर नव्हते. आमच्या वैशाली नगरातल्या गल्लीत घरोघरी पेढे वाटले तिनं, अन् शेवटी तोंड पाडून माह्या ओट्यावर येऊन बसली. "रत्नमालाताई, हर्षा म्हणते, खोली पाहून ठरवीन. नाई तं दवाखान्यातून बाळाले घेऊन सीधी जामुलले जाते, सासरी."

पोरीचं काय चुकलं, बापा? बाळंतिणीची ती मागची खोली म्हणजे तिच्या बापाचा, हिरालालभाऊचा कबाडखाना. स्टील प्लांटातून रिटायर झाला हा माणूस, पण घरातली एक वस्तू कधी रिटायर केली नाई. फुटका कूलर, जुनी मोटार, स्कूटरची मेलेली बॅटरी, रंगाचे डबे, ट्यूबलाइटा. अन् सारं सिमेंटच्या सज्ज्यावर, म्हणजे खोलीतल्या माळ्यावर, बरोबर पलंगाच्या डोक्यावर. फेकाचं नाव काढलं का म्हणे, "असू दे, कामी येते." हाच माणूस प्लांटात पोरांले सेफ्टीचे धडे देत होता. मले तं संताप यायचा.

हर्षाले दवाखान्यातून सुट्टी होणार त्या सकाळी मैनाबाई पदर खोचून माह्या दारात. डोळे असे चमकून राहिले होते का मीच घाबरली. "चला ताई, आज मी शटडाऊन घेते."

शटडाऊन म्हणजे त्यांची प्लांटातली पद्धत. मशीन उघडाची तं आधी वीज बंद कराची, लाल झेंडी लावाची, काम कोणाच्या जिम्म्यावर ते ठरवाचं, मगच हात लावाचा. जन्मभर नवऱ्याच्या तोंडून ऐकलेलं तिनं आज घरात लागू केलं. मेन स्विच बंद. खोलीच्या दारावर लाल ब्लाऊजपीस बांधला. अन् बाई टेबलावर चढून उभी.

पंखा थांबला तसे भाऊ धावत आले. लाल कपडा दिसला अन् उंबऱ्यातच थबकले. इतक्या वर्षांची सवय, तो ओलांडवेना. "शटडाऊन कोणं घेतलं?"

"मी. सज्जा रिकामा करून राहिली. तुमाले जमत असन तं या, नाई तं मी अन् ताई पाहून घेतो."

साडीतली बाई वर, टेबल डगमगून राहिलं, डोक्यावर लोखंड. भाऊले ते पाहवेना. "उतर आधी, मैना. असं नाई करत." आत गेले ते हेल्मेट, हातमोजे, बूट चढवूनच आले. मग काय थाट सांगू. खाली कोणी उभं राहाचं नाई, जड वस्तू दोरानं सोडाची, काच कागदात गुंडाळाची, बॅटरी आडवी कराची नाई. आमी दोघी अंगणात वाटण्या करून राहिलो. लोखंड कबाड्याले, बॅटरी दुकानदाराले, ट्यूबलाइटा अन् रंग कचरागाडीच्या घातक कचऱ्याच्या डब्यात. मले तं लग्नघरात असल्यासारखं वाटून राहिलं होतं.

तेवढ्यात कोपऱ्यातून सरबताची एक बाटली निघाली. भाऊनं झाकणाशी जरा नाक नेलं अन् झटक्यात मान फिरवली. संडास धुवाचं अ‍ॅसिड. झाकण सैल झालेलं, खालचं सिमेंट खाल्लेलं, अन् ओघळ भिंतीवरून थेट उशापर्यंत.

"हे मीच ठेवलं होतं," एवढंच बोलले. बाटली रेतीच्या बादलीत उभी करून, चिठ्ठी चिकटवून बाहेर ठेवली अन् ओट्यावर बसून रडले. प्लांटात आपल्या हाताखालच्या कोणाले खरचटू दिलं नाई या माणसानं. मैनाबाईनं पाणी आणून दिलं.

उठले मग ऐकतात कोणाचं. सारंच ओढून बाहेर. मैनाबाई शिलाई मशीनले बिलगून म्हणे, "अवो, हे चालू हाये, राहू द्या."

संध्याकाळी हिंदी बोलणाऱ्या जावयाची, राहुलची गाडी दारात लागली. इंजन सुरूच. हर्षा बाळाले घेऊन खोलीत आली अन् वर पाहत राहिली. सज्जा रिकामा, भिंत धुतलेली. भाऊ दाराशी उभे, हेल्मेट काढाचंही भान नाई. मैनाबाईनं माह्या हात असा दाबला का बांगडी रुतली.

हर्षानं पोरीले पलंगावर निजवलं, बरोबर सज्ज्याखाली. मग खिडकीतून आवाज दिला, "राहुल, गाड़ी बंद करो. बैग अंदर ले आओ."