लाझारच्या शनिवारची रजा

क्लेनोवित्साच्या कोर्टात नवा माणूस कामाला लागला की पहिल्या दिवशी त्याला कॉफी कुठे उकळतात ते दाखवतात आणि दुसऱ्या दिवशी रजा कशी काढायची ते शिकवतात. कायदा तो पुढे सावकाश शिकतो. काहीजण निवृत्त होईपर्यंत शिकतच असतात.

लग्न केलं तर रजा. घर बदललं तर रजा. सासू वारली तर रजा, आणि ती मागताना चेहरा कसा ठेवायचा याचंही मार्गदर्शन मिळतं. रक्तदान केलं तर लागोपाठ दोन दिवस रजा. त्यामुळे आलुबुखार पिकून त्यांची दारू, म्हणजे राकिया, गाळायचे दिवस आले की अख्ख्या कोर्टाला एकाच आठवड्यात मानवजातीचा कळवळा येतो. रक्तपेढीवाल्या नर्सबाईंना हे पाठ झालं आहे. त्या सुई टोचताना विचारतात, "यंदा किती पिंपं?"

आणि या सगळ्या रजांची महाराणी म्हणजे स्लाव्हाची रजा. स्लाव्हा हा कुळाच्या संताचा दिवस. संत बापाकडून मुलाकडे येतो, नाकासारखा किंवा बांधावरच्या भांडणासारखा. तो बदलून मिळत नाही. त्या दिवशी घरात मेणबत्ती लागते, पाद्री येऊन पाव कापतो आणि दार सकाळपासून उघडं राहतं. कायद्याने त्या दिवशी भरपगारी सुट्टी. धड अर्जही करावा लागत नाही. साहेबांच्या दारातून डोकं आत घालून "उद्या माझा संत" म्हटलं की काम झालं.

बेलीफ दोब्रिवोये स्तानिकने मात्र ही रजा उभ्या नोकरीत एकदाही घेतली नव्हती.

तो नास्तिक होता म्हणून नव्हे. स्तानिकांचा संत लाझार. इतर संत तारखेने येतात, लाझार वाराने येतो, ईस्टरच्या आठ दिवस आधीच्या शनिवारी. ईस्टर पुढे सरको की मागे, लाझार काही शनिवार सोडत नाही. आणि शनिवारी कोर्टाला सुट्टी.

"तुझ्या पणजोबांनी संत घेताना कॅलेंडर बघायला नको होतं का?" असं लोक त्याला विचारत. डिसेंबरात संत निकोलसच्या दिवशी अर्धं कोर्ट रजेवर असे आणि उरलेलं अर्धं दुपारच्या आत त्यांच्याकडे पाहुणं जाई. फोनपाशी उरे एकटा दोब्रिवोये.

"कोर्ट चालू आहे का?" पलीकडून कोणीतरी विचारी.

"चालू आहे," दोब्रिवोये सांगे. "आत कुणी नाही, एवढंच."

एरवी त्याची नोकरीबद्दल काही तक्रार नव्हती. सबंध खोऱ्यात समन्स वाटत तो म्हातारा झाला होता. तो फाटकाशी दिसला की लोकांना आपण घरी नाही आहोत हे आठवायचं. काहीजण तर तसं खिडकीत उभं राहून स्वतःच सांगायचे. एक शेतकरी त्याला बघून अक्रोडाच्या झाडावर चढला, तेव्हा दोब्रिवोये खाली बसला, डबा उघडून जेवला, आडवा झाला आणि तो माणूस उतरल्यावर सही घेऊन मुक्कामाला निघाला. वादी आणि प्रतिवादी दोघांचीही कुत्री त्याला चावली होती, त्यामुळे त्याच्या निःपक्षपातीपणाबद्दल कोणालाच शंका नव्हती. वर्षाला बुटांचा एक जोड मिळे. गरम जेवणाचा भत्ता मिळे, त्यात तो थंड सँडविच खाई. युनियनतर्फे हिवाळ्यात सरपण आणि अर्धं डुक्कर हप्त्याने मिळे. माणसाला आणखी काय हवं असतं?

हवी होती ती एक रजा. उन्हाळ्यात तो निवृत्त होणार होता. हा शेवटचा लाझार होता.

"अरे, तुझी वार्षिक रजा पोत्याने पडली आहे," त्याची बायको रादिंका म्हणाली. "शुक्रवारी एक दिवस काढ. मला मासे साफ करायला माणूस हवाय."

"ती माझी रजा."

"मग?"

"मला लाझारची हवी आहे."

"लाझार चार दिवस थडग्यात होता, पण हाक मारल्यावर उठून बाहेर तरी आला. तुला तर हाकही ऐकू येत नाही!"

दोब्रिवोये बूट घालून मिलुंकाकडे गेला.

मिलुंका कोर्टातली टंकलेखिका आणि युनियनची प्रतिनिधी. तिची बोटं जितकी जलद चालत त्याहून तिची जीभ जलद चाले. गेली काही वर्षं तिच्याकडे अर्ध्या डुकरात हाडं जास्त आली एवढीच तक्रार येत होती. असली तत्त्वाची केस बघून तिने चष्मा पुसला.

"दोब्रीकाका, हा भेदभाव आहे," ती म्हणाली. "सरळ सरळ शनिवारच्या संतांविरुद्ध."

दोघं मुख्य न्यायाधीश यासेंकाबाईंपुढे उभे राहिले. यासेंकाबाई कधी हसत नसत आणि कधी रागावतही नसत. निकाल देताना आणि कॉफीत साखर घालताना त्यांचा चेहरा सारखाच असे.

"शनिवारी कोर्ट बंद, म्हणून शुक्रवारी द्या," मिलुंका म्हणाली. "तयारी शुक्रवारीच असते. पाव, गहू, मासे."

"कायद्यात 'स्लाव्हाचा पहिला दिवस' असं आहे," यासेंकाबाई म्हणाल्या. "मासे साफ करण्याचा दिवस असं नाही."

मिलुंका तिथून तडक चर्चमध्ये गेली. पाद्री ओब्राद चर्चच्या मागे मधमाश्यांच्या पेट्यांशी झटापट करत होते.

"बाबा, संताचा दिवस नक्की कधी सुरू होतो?"

"आदल्या संध्याकाळी," जाळीच्या टोपीतून पाद्रीबाबा म्हणाले. "चर्चचा दिवस सूर्यास्ताला सुरू होतो. संध्याकाळच्या प्रार्थनेपासून संत आला म्हणायचं."

मिलुंका धावत कोर्टात परतली. लाझार शुक्रवारीच सुरू होत होता! स्वतः चर्चचं म्हणणं होतं!

यासेंकाबाईंनी ते नीट ऐकून घेतलं. "प्रार्थना किती वाजता असते?"

"सातला."

"कोर्ट सुटतं साडेतीनला. हरकत नाही. शुक्रवारी सातपासून दोब्रिवोये मोकळे. मंजूर."

मिलुंका पुन्हा चर्चमध्ये गेली. प्रार्थना त्या दिवशी सकाळी घेता येईल का, असं तिने विचारलं. पाद्रीबाबा म्हणाले, "बाई, सूर्यास्त माझ्या हातात नाही. वर अर्ज करा."

दोब्रिवोयेने यानंतर नाद सोडला असता. पण आता अख्खं कोर्ट त्याच्या रजेत गुंतलं होतं. कॉफीच्या वेळी दुसरा विषय निघेना. शेवटी एका दुपारी दुधाचं भांडं उतू जात असताना मिलुंकाच ओरडली, "शनिवारची पाळी!"

शनिवारी कोर्ट बंद असलं तरी तातडीच्या कामासाठी एक न्यायाधीश आणि एक बेलीफ पाळीवर असतात. शुक्रवारी रात्री माणसं एकमेकांना मारायची थांबत नाहीत. आणि पाळीच्या माणसाचा त्याच दिवशी संत असेल, तर त्याला पाळीतून रजा मिळायलाच हवी. फक्त अडचण एक. लाझारच्या शनिवारी दोब्रिवोयेला पाळी कधीच लागली नव्हती. त्याचा संत म्हणून पाळ्या लावणारे दरवर्षी त्याचं नाव आठवणीने वगळत आले होते. म्हणजे इतकी वर्षं त्याचा हक्क मारला होता तो निव्वळ माणुसकीने.

"मला पाळी लावा," दोब्रिवोये यासेंकाबाईंना म्हणाला.

"लावली."

"आता मला त्या दिवशी रजा हवी आहे. माझा संत."

"दिली," यासेंकाबाई म्हणाल्या. "पण तुमच्या जागी कोण?"

इथे माणुसकी संपली. दुसरा बेलीफ म्हणाला, पाय मुरगळला आहे. कधी, विचारलं तर म्हणाला, शनिवारी. शनिवार तर अजून यायचा होता. खरी गोष्ट सगळ्यांना ठाऊक होती. शनिवारी ज्याला त्याला दोब्रिवोयेकडेच जायचं होतं. स्लाव्हाचं आमंत्रण कुणालाच देत नाहीत. देणं हाच अपमान. ज्याला माहीत आहे तो येतो. आणि रादिंकाच्या हातचा कार्प मासा सबंध क्लेनोवित्साला माहीत होता. लाझार उपासाच्या दिवसांत येतो, म्हणून मांस चालत नाही, मासा चालतो. हा नियम चर्चचा असल्यामुळे त्यावर कोणी अपील केलेलं नाही.

"बेलीफ नको," शेवटी यासेंकाबाई म्हणाल्या. "त्या दिवशी पाळी माझीच आहे. फोन मी उचलीन."

यासेंकाबाई दरवर्षी न चुकता लाझारला येत. कॉफीचं पाकीट टेबलावर ठेवत, भिंतीकडच्या खुर्चीत बसत आणि एक शब्द न बोलता दोन ताटल्या मासे संपवत.

"पण मग बाईसाहेब, तुम्ही..." दोब्रिवोये म्हणाला.

"रजा मंजूर झाली आहे," यासेंकाबाई म्हणाल्या. "मंजूर झालेली रजा मी परत घेत नाही."

शनिवार उजाडला. दोब्रिवोयेने मेणबत्ती लावली, शिजवलेल्या गव्हावर अक्रोड पसरले आणि अंगणात उभं राहून ही रजा अंगात कुठे जाणवते का ते बघितलं. डाव्या खांद्यात थोडं वाटलं, पण तिथे नेहमीच दुखायचं.

"काय झालं?" खिडकीतून रादिंका म्हणाली.

"काही नाही. आज मी रजेवर आहे ना, म्हणून बघतोय."

"ते बघून झालं की बादलीतला मासा बघ. तो अजून जिवंत आहे. त्यालाही रजाच हवी असेल."

दुपारपर्यंत घर भरलं. पाद्रीबाबांनी पाव कापला. मुरगळलेल्या पायाचा बेलीफ सगळ्यांच्या आधी आला आणि सगळ्यांत जलद चालत बाकाच्या आतल्या बाजूला जाऊन बसला. लोक संताच्या शुभेच्छा द्यायचं विसरून रजेच्या शुभेच्छा देत होते. मिलुंकाने तीनदा भाषण केलं, तिन्ही वेळा तेच. दोब्रिवोये रीतीप्रमाणे उभा राहून वाढत होता. स्लाव्हाला यजमान बसत नाही. पण भिंतीकडे वाढायला गेला की तिथली खुर्ची मोकळी दिसे, आणि मग त्याला आपण काय वाढायला आलो होतो ते आठवत नसे.

चौथ्या वेळी त्याने स्वयंपाकघरात जाऊन माशाचा रस्सा झाकणाच्या भांड्यात ओतला, वर कार्पचे दोन तुकडे घातले आणि फडक्यात गाठ मारली.

"यजमान कुठे निघाला?" रादिंकाने विचारलं.

"कोर्टात."

"आज? आजसुद्धा?" मग तिने त्याच्या खिशात लिंबू कोंबलं. "तिला लिंबू लागतं."

रिकाम्या कोर्टात यासेंकाबाई फोनसमोर ताठ बसल्या होत्या.

"दोब्रिवोये, तुम्ही रजेवर आहात."

"हो, बाईसाहेब. मी फक्त भांडं ठेवायला आलो."

यासेंकाबाईंनी लिंबू पिळलं आणि चार घोट घेतले, तोच फोन वाजला. पोलिसांनी एकाला धरलं होतं. शेजाऱ्याचा ट्रॅक्टर घेऊन तो सासऱ्याच्या कोठारात शिरला होता, दारातून नव्हे, भिंतीतून. तासाभरात त्याला हजर करणार होते. वकील होता वुकमान. त्याला कळवायला हवं होतं, पण त्याचा फोन लागत नव्हता. यासेंकाबाईंनी नोटीस लिहिली, शिक्का मारला आणि जुन्या सवयीने हात पुढे केला. जुन्या सवयीने दोब्रिवोयेचाही हात पुढे आला.

तो हात मध्येच थांबला. दोब्रिवोयेचे कान लाल झाले.

"बाईसाहेब," तो म्हणाला, "मी रजेवर आहे."

यासेंकाबाईंनी नोटीस मागे घेतली. "बरोबर आहे. माझी चूक झाली." त्यांनी खुंटीवरचा कोट काढला. "हा वुकमान कुठे सापडेल?"

"मला ठाऊक आहे. पण ते सांगणं कामात मोडेल."

"मोडेल," यासेंकाबाईंनी मान्य केलं. "तुम्ही आता कुठे निघालात?"

"घरी."

"मलाही त्याच बाजूला जायचं आहे."

दोघं वाटभर काही बोलले नाहीत. त्या तिथे पाहुण्या म्हणून येत नव्हत्या आणि त्याने त्यांना बोलावलंही नव्हतं. रीत आणि कायदा, दोन्ही शाबूत राहिले.

वकील वुकमान तिसऱ्या ताटलीवर होता. यासेंकाबाईंनी त्याच्यासमोर नोटीस धरली तेव्हा त्याच्या तोंडात काटा होता.

"बाईसाहेब, तुम्ही स्वतः?" काटा काढत तो म्हणाला. "अहो, बेलीफ तर हा काय, इथेच उभा आहे की!"

यासेंकाबाईंनी खोलीतल्या सगळ्यांकडे, निकाल वाचून दाखवताना बघतात तसं, एकदा बघितलं.

"बेलीफ दोब्रिवोये स्तानिक," त्या म्हणाल्या, "आज रजेवर आहेत."

मिलुंका रडली. मुरगळलेल्या पायाचा बेलीफ टुणकन उठून उभा राहिला आणि त्याने ग्लास वर केला. यासेंकाबाई भिंतीकडच्या खुर्चीत बसल्या, कारण आरोपी यायला अजून अवकाश होता, आणि रादिंकाने न विचारता त्यांच्यापुढे ताटली ठेवली.

वुकमानने तेलकट बोटांनी सही करून नोटिशीची प्रत टेबलावर टाकली आणि तो पुन्हा माशाकडे वळला. प्रत कोणीच उचलली नाही. पाव पुढे सरकवताना कुणाचा तरी हात लागला आणि ती रश्शाच्या वाडग्याला टेकली. कोपरा ओला होऊ लागला. दोब्रिवोयेची बोटं वळवळली. सहीपर्यंत अजून बोटभर अंतर होतं.

त्याने दोन्ही हातांनी माशाचं ताट घट्ट धरलं आणि तो पलीकडच्या पाहुण्यांना वाढायला गेला.