आईचा मरून कोट
थंडीचे कपडे काढायला पेटी उघडली की डांबराच्या गोळ्यांचा वास येतो आणि आई गेल्यानंतरची, उत्तरेकडच्या जानकीपुरममधली पहिली थंडी आठवते. त्या सकाळी धुक्यात आमचं फाटकही दिसत नव्हतं. हवाई दलातून निवृत्त झालेल्या बाबांकडे ब्लेझर होता, बंदगळा होता, लेदरचं जाड जॅकेटही होतं. तरी दूध आणायला निघताना त्यांनी आईचा गुडघ्यापर्यंतचा मरून लोकरी कोट अंगात चढवला. “बाबा, लेडीज कोट आहे तो,” मी हळूच म्हटलं. “माहीत आहे,” ते म्हणाले, पण बटणांशी त्यांची झटापट चालूच राहिली. संधिवाताने आईची बोटं आखडल्यापासून तिच्या कोटाची बटणं तेच लावून द्यायचे. शेवटी हात खाली सोडून म्हणाले, “समोरून लावायची सवय आहे गं, स्वतःच्या अंगावर जमत नाही.” मी पुढे होऊन बटणं लावली, ते हनुवटी वर करून गुमान उभे राहिले. कोपऱ्यावरचा दूधवाला म्हणाला, “बाबूजी, आज तो बड़े जँच रहे हैं!” “मैडम का है,” बाबांनी ऐटीत सांगितलं. तो अख्खा हिवाळा ते रोज सकाळी बटणं लावून घ्यायला माझ्यासमोर येऊन उभे राहिले. आज वाटतं, इतक्या जवळून मी त्यांना त्याआधी कधी पाहिलंच नव्हतं.